रॅम रिकामी ठेवायची कशाला?

लिनक्सचा डेस्कटॉप जरा अडखळायला लागला की ठरलेलं नाट्य सुरू होतं. कुणीतरी टर्मिनल उघडून ‘फ्री -एच’ ही कमांड देतं, ‘फ्री’च्या रकान्यातला आकडा बघतं आणि कपाळावर हात मारतं : आठ जीबी रॅम, आणि उरली फक्त तीनशे एमबी! तेवढ्यात एखादा जाणकार पुढे सरसावतो : ‘कॅश रिकामी करणारी एक ओळ आहे, ती क्रॉनमध्ये टाकून ठेव, तासातासाला आपोआप साफसफाई होईल.’ हा सल्ला इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे दिला जातो की त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

गैरसमज : ‘फ्री’ कमी, म्हणजे रॅम संपली. कॅश उडवली की मशिन पळायला लागतं.

वस्तुस्थिती : डिस्कवरून वाचलेल्या फाइली लिनक्सचा कर्नल रॅममध्ये राखून ठेवतो. त्या पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. यालाच पेज कॅश म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली, की कर्नल यातला बराचसा भाग तिथल्या तिथे सोडून देतो, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. म्हणजे सकाळपासून चालू असलेल्या मशिनवर ‘फ्री’ तळाला गेलेलं दिसणं हे रोजचंच आहे. नुसती पडून राहिलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते.

मग बघायचं काय? त्याच ओळीतला शेवटचा रकाना, ‘अव्हेलेबल’. समजा एकूण ७.६ जीबी, फ्री ०.३, बफ/कॅश ४.२ आणि अव्हेलेबल ४.१ असं दिसतंय. अर्थ सरळ आहे : नवे प्रोग्रॅम उघडायला सुमारे चार जीबी हाताशी आहेत. फ्री आणि कॅशची बेरीज ४.५ होते, मग अव्हेलेबल कमी का? कारण शेअर्ड मेमरीसारख्या काही गोष्टी कॅशमध्ये मोजल्या जातात, पण सोडता येत नाहीत. नुसती बेरीज फसवी ठरते, म्हणूनच २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत हा अंदाज खुद्द कर्नलनेच द्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं तो रकाना समोर आहे, आणि लोक अजून ‘फ्री’वरच अडलेत!

आता ती ‘साफसफाई’. विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा. लिबरऑफिस उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा ते चटकन उघडतं, कारण त्याच्या फाइली कॅशमध्ये आहेत. आता कॅश उडवून तिसऱ्यांदा उघडा. पुन्हा पहिल्याइतकाच वेळ, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवर. फोडणी टाकायच्या ऐन वेळी मसाल्याचा डबा माळ्यावर ठेवून यावा, तसा हा उद्योग. कर्नलचं अधिकृत दस्तऐवजीकरणही स्पष्ट सांगतं, की कॅश उडवणारी ‘ड्रॉप कॅशेस’ ही सोय कॅशची वाढ रोखण्यासाठी नाही. चाचणी आणि दोषशोधन सोडून ती वापरू नये. क्रॉनमधून तर नाहीच नाही.

मेमरीची खरी ओढाताण ओळखायची तर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवा. पहिली ओळ सोडून द्या. ती मशिन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत मोठे आकडे येत असतील, तर मेमरीची पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, आत-बाहेर धावतायत आणि मशिन खरंच दमलंय. मग ‘टॉप’ उघडून मोठा एम दाबा. मेमरी खाणारे वरती येतात. बहुतेकदा तिथे ब्राउझरच सापडतो.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

स्वॅप वापरात दिसतोय, म्हणजे संकट. नाही, बराच वेळ न लागलेली पानं तिकडे गेली असतील. साठ्यापेक्षा हालचाल महत्त्वाची.

स्वॅप बंद केला की वेग वाढतो. रॅम खरोखर भरली, की कर्नल प्रोग्रॅमच्या कोडचीच पानं टाकतो आणि पुन्हा डिस्कवरून वाचत बसतो. मग माउसही हलेना होतो.

‘टॉप’मधला ‘व्हर्ट’ म्हणजे खाल्लेली रॅम. तो राखून ठेवलेल्या पत्त्यांचा आकडा. प्रत्यक्ष रॅमसाठी ‘रेस’ हा रकाना बघा.

झॉम्बी प्रोसेस रॅम अडवतात. त्या संपलेल्याच असतात. उरते ती फक्त यादीतली नोंद.

लोड जास्त, म्हणजे प्रोसेसर दमला. लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही धरतो.

चालू सर्व्हिसेस जास्त, म्हणून मशिन स्लो. सिस्टमसीटीएलने दाखवलेली लांबलचक यादी बघून हातात कुऱ्हाड घेऊ नका. बहुतेक सर्व्हिसेस झोपलेल्या असतात. कामात कोण आहे ते ‘टॉप’मध्ये बघा : ग्नोमचा ट्रॅकर (२०२४ पासून लोकलसर्च) किंवा केडीईचा बालू फाइलींची सूची करत असेल, नाहीतर पॅकेजकिट अपडेट शोधत असेल. त्यांचं काम आटोपलं की ते शांत होतात.

‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ने दोषी सापडतो. ती यादी फक्त सुरू होतानाच्या वेळेची. तिचं मॅन्युअलच बजावतं, की एखादी सर्व्हिस दुसरीची वाट बघत थांबल्यामुळेही हळू दिसू शकते.

अव्हेलेबल भरपूर, एसआय-एसओ शून्य, आणि तरीही मशिन रखडतंय? मग ‘टॉप’मधला ‘डब्ल्यूए’ बघा. तो चढलेला असेल तर प्रोसेसर डिस्कसाठी ताटकळतोय; अशा वेळी पैसे घालायचेच तर एसएसडीत घाला. रॅम वाढवायची ती अव्हेलेबल तळाला गेलं असेल आणि स्वॅपची धावपळ थांबत नसेल, तेव्हाच.