दोन रात्री, शंभर शेगड्या

संध्याकाळ झाली की सिंगापूरचा बून टॅट स्ट्रीट गाड्यांसाठी बंद होतो. मग त्या रस्त्यावर टेबलं मांडली जातात, ओळीने शेगड्या पेटतात आणि दोन्ही बाजूंच्या बँकांच्या उंच इमारतींमधून कोळशाचा धूर वर चढायला लागतो. शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी तिथे पोहोचलो तेव्हा एकही टेबल रिकामं नव्हतं. एक दिसलं, पण त्यावर टिश्यू पेपरचं छोटं पाकीट ठेवलेलं होतं. बसायला गेलो तर शेजारच्या बाईंनी हसून मान हलवली. ती जागा धरलेली होती. सिंगापुरात याला ‘चोप’ करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे ते पाकीट कुणी उचलत नाही आणि त्यावरून भांडतही नाही.

शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं, साडेपाच तासांत उतरायचं, घड्याळ अडीच तास पुढे करायचं आणि सोमवारी पहाटे परतीचं विमान धरायचं, एवढाच बेत होता. पर्यटनस्थळांची यादी केलीच नव्हती. खायचं, भटकायचं आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायच्या. अशा सहलीसाठी सिंगापूरइतकं सोयीचं शहर मला दुसरं माहीत नाही. त्याचं कारण मात्र क्लब किंवा गच्चीवरच्या बारमध्ये नाही, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांच्या खाद्यगाळ्यांच्या मंडईत आहे.

बून टॅट स्ट्रीटला लागूनच लाऊ पा सात आहे. होक्कियेन बोलीत या नावाचा अर्थ ‘जुना बाजार’. १८९४ साली उभारलेली ही अष्टकोनी इमारत बिडाच्या खांबांवर आणि कमानींवर तोललेली आहे. एकेकाळी इथे मासळी-भाजी विकली जायची, आता जेवण मिळतं. बाहेर रस्त्यावर साते. हळद आणि गवती चहा लावून मुरवलेले कोंबडीचे, मटणाचे तुकडे काडीला टोचायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. आमच्या समोरचा माणूस एका हाताने वीस-पंचवीस काड्या एकदम उलटत होता आणि दुसऱ्या हातातल्या पंख्याने निखारे फुलवत होता. चरबीचा थेंब पडून जाळ उठला की पंखा थांबायचा, जाळ बसला की पुन्हा चालू. सोबत काकडी, कच्चा कांदा, भाताच्या वड्या आणि दाण्यांची दाट, गोडसर-तिखट चटणी. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या माणसाला ही चटणी पहिल्याच घासाला आपली वाटते.

हे सगळं आज इतकं नीटनेटकं दिसतं, पण ते आपोआप झालेलं नाही. १९६०च्या दशकात सिंगापूरचे रस्ते फेरीवाल्यांनी भरलेले होते. नळ नव्हता, एकाच बादलीत दिवसभर ताटल्या विसळल्या जायच्या, खरकटं गटारात आणि गटार नदीत. साथीचे रोग पसरायचे. १९६८-६९मध्ये सरकारने सगळ्यांची मोजदाद केली आणि रस्त्यावरच्या सुमारे १८,००० फेरीवाल्यांना तात्पुरते परवाने दिले. नंतर १९७१ ते १९८६ या काळात वस्त्यांजवळ, बाजारांजवळ हॉकर सेंटर बांधून त्यांना तिथे नेलं. प्रत्येक गाळ्याला नळाचं पाणी, सांडपाण्याची वाट, वीज आणि डोक्यावर छप्पर मिळालं. सुरुवातीच्या पिढीचं भाडंही परवडेल असंच ठेवलं गेलं.

यात सक्ती होती, हे मान्य करायला हवं. ठरलेली गिऱ्हाईकं सोडून नव्या जागी जाणं सगळ्यांना रुचलं नव्हतं. तरीही आधी मोजलं, मग परवाना दिला, मग जागा दिली आणि शेवटी रस्ता मोकळा केला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. त्यातही सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र आधी आहे, हटवणं नंतर. प्रत्यक्षात अतिक्रमणाची गाडी आली की वडापावची गाडी ढकलत पळणारा माणूस आजही दिसतो. त्याच्या हाताला तितकीच चव आहे, त्याला फक्त नळ मिळालेला नाही.

जेवून आम्ही नदीकडे चालत गेलो. बोट की आणि क्लार्क की हे सिंगापूरच्या रात्रीचे गजबजलेले काठ. रांगेने जुनी दुकानं, गोदामं, त्यांत आता बार आणि रेस्टॉरंट, पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं. हीच नदी एकेकाळी नाक दाबून ओलांडावी लागायची. १९७७मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी ती दहा वर्षांत स्वच्छ करायचं ठरवलं आणि १९८७पर्यंत ते काम पुरं झालं. मालवाहू नावा हलवल्या, डुकरांच्या गोठ्यांना दुसरीकडे नेलं, काठावरचे फेरीवाले हॉकर सेंटरमध्ये गेले. म्हणजे खाणं आणि नाचणं या दोन्हींची मुळं एकाच कामात आहेत. झूक हा इथला नामांकित नाइटक्लब १९९१मध्ये नदीकाठच्या जुन्या गोदामांतच सुरू झाला. २०१६च्या अखेरीस तो क्लार्क कीला आला.

पिणाऱ्यांनी हिशेब आधीच करावा. दारूवर जबर कर आहे, कडक मद्यातल्या दर लिटर अल्कोहोलमागे ८८ सिंगापूर डॉलर. त्यामुळे एका कॉकटेलच्या पैशांत हॉकर सेंटरमध्ये तिघी-चौघी पोटभर जेवतात. रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये सिंगापूर स्लिंग हे कॉकटेल प्यायला लोक मुद्दाम जातात. तिथे शेंगांची टरफलं जमिनीवर टाकायची रीत आहे, आणि स्वच्छतेसाठी दंड करणाऱ्या शहरात तेवढी मोकळीक सगळे मनापासून उपभोगतात. आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा. लिटल इंडियात डिसेंबर २०१३मध्ये दंगल झाली. त्यानंतर आलेल्या कायद्याने २०१५पासून रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानातून दारू विकत नेता येत नाही, आणि उघड्यावर पिताही येत नाही. बारमध्ये बसून चालतं. मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, पुढे टॅक्सी. आम्ही चौघी रात्री एक वाजता नदीकाठाने निवांत चालत होतो. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही, आणि ते आमच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

रविवारची सकाळ कोपीने सुरू झाली. कोपी म्हणजे इथली कॉफी. बिया साखर आणि लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थात काळ्याभोर भाजतात. पूड कापडाच्या लांब पिशवीत घालून गाळतात, ती पिशवी थेट मोज्यासारखी दिसते. गाळ्यावरच्या आंटी उंचावरून धार सोडत होत्या, एका भांड्यातून दुसऱ्यात, आणि ओट्यावर एक शिंतोडा नव्हता. मागायची भाषाही शिकून घ्यावी लागते. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क येतं, ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, ‘कोपी-सी’मध्ये आटवलेलं दूध आणि साखर. साखर नको असेल तर पुढे ‘कोसोंग’ लावायचं. मलय भाषेत कोसोंग म्हणजे रिकामं. सोबत नारळाचं दूध, अंडं आणि साखर आटवून केलेला काया लावलेला टोस्ट.

आमच्यातली एक शाकाहारी, तीही कांदा-लसूण न खाणारी. तिच्या जेवणाची काळजी मनात घेऊनच निघालो होतो. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा मिळणार हे माहीत होतं, पण खरी सोय चिनी गाळ्यांवर झाली. बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण बनवणारे गाळे अनेक हॉकर सेंटरमध्ये असतात, आणि त्या परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी घरांत मांसाहार करत नाहीत, तेव्हा तिथे रांग लागते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी शोधणाऱ्या घरातून आलेली आमची मैत्रीण हे ऐकून इतकी खूश झाली, की दुपारी पुन्हा त्याच गाळ्यावर गेली.

मी मात्र ‘कॅरट केक’च्या रांगेत होते. यात गाजर नसतं. तांदळाचं पीठ आणि मुळ्याचा कीस वाफवून वड्या पाडायच्या आणि त्या अंडं, लसूण, खारवलेल्या मुळ्याबरोबर तव्यावर परतायच्या. गाळ्यावरचे अंकल सत्तरीच्या पुढचे असावेत. मनगटाला पट्टी बांधलेली, तरी उलथनं तालात चालत होतं. मुलगा ऑफिसात नोकरी करतो, गाळा त्याला नको आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ही एका घराची गोष्ट नाही. हॉकरांचं सरासरी वय साठीकडे झुकलं आहे. डिसेंबर २०२०मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं, आणि त्याआधी २०१६मध्ये मिशेलिनने दोन हॉकर गाळ्यांना तारा दिला होता. मान मिळाला, पण पहाटे चारला उठून मुळा किसायला कोण येणार, हा प्रश्न उरतोच. त्या रांगेत उभं असताना मला त्याचं खरोखर वाईट वाटत होतं.

शेवटच्या रात्री विमानतळाला निघण्याआधी एका प्राटाच्या दुकानात बसलो. प्राटा म्हणजे दक्षिण भारतातून आलेला परोटा, मध्यरात्री कालवणात बुडवून खायचा. अंडं, चीज, कांदा अशी सारणांची यादी भिंतीवर होती. शाकाहारी मैत्रिणीने ती वाचली, क्षणभर थांबली आणि सकाळी शिकलेला शब्द वापरून पाहिला, “कोसोंग, अंकल.” त्यांनी मान डोलावली, तेल लावलेला गोळा ओट्यावर दाबला, दोन बोटांत धरला आणि हवेत फेकला. तो रुमालाएवढा पसरून खाली आला, इतका पातळ, की पलीकडचा दिवा त्यातून दिसत होता.