वर जबडा, खाली ओटीपोट

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग चक्क पुढे घसरतं! सांध्यातली मधली चकती जागची सरकलेली असेल, तर ‘कट्’ वाजतं. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. नीट म्हणजे किती? स्वतःची तीन बोटं उभी आत गेली की झालं.

ओठ मिटलेले असताना दात एकमेकांना टेकायला नकोत. घास चावताना, गिळताना टेकतात तेवढं पुरे. आत्ता हे वाचताना तुमचे टेकलेत का, बघा बरं.

आता खाली येऊ. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी बांधलेली असते. पुरुषांनाही असते! श्वास घेतला की ती किंचित खाली उतरते, सोडला की वर येते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८मध्ये तिला बळकट करणारे व्यायाम मांडले. शिंकताना लघवी होत असेल, तर ते खरोखर उपयोगी पडतात. पण हे स्नायू सैलच पडतात असं नाही, काहींचे कायम आवळलेले असतात. मग लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं. अशांनी केगल केले तर त्रास वाढू शकतो. त्यांनी आधी सैल सोडायला शिकायचं असतं. सरसकट सगळ्यांना ‘केगल करा’ सांगणं मला म्हणूनच पटत नाही.

या दोन टोकांना एकत्र बघणारी मंडळी ऑस्टिओपथी या हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीत भेटतात. ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४मध्ये अमेरिकेत मांडली. १८९२मध्ये मिसुरीतल्या कर्क्सविलला शाळा निघाली आणि पहिल्याच वर्गात स्त्रियाही होत्या. त्याच शाळेतल्या विल्यम सदरलँड यांना कानशिलाच्या हाडाच्या तिरक्या कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या. त्यातून ‘कवटीची हाडं हलतात’ हा सिद्धांत निघाला. त्याला भक्कम पुरावा मात्र मिळालेला नाही.

मग जबडा आणि ओटीपोट यांचं नातं? गर्भात तोंडाच्या आणि गुदद्वाराच्या जागी एकेक पातळ पडदा असतो. दोन्हीकडे मधला थर नसतो. तोंडाचा पडदा चौथ्या आठवड्यात फाटतो, खालचा सातव्याच्या सुमारास. दात घट्ट आवळले, तर गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जास्त जोरात उडतो, हेही खरं. अमेरिकी सुईण आयना मे गॅस्किन बाळंतिणीला खालचा भाग सैल पडावा म्हणून तोंड आणि जबडा सैल ठेवायला सांगत. तरी जबडा मोकळा केला की ओटीपोटाचं दुखणं जातं, असं छातीठोक म्हणण्याइतके अभ्यास झालेले नाहीत.

करून बघण्यासारखं एक: दात सुटे, जीभ टाळूला, श्वास पोटापर्यंत. आणि मांड्यांमधला भाग बधिर होऊन लघवी अडली, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा.