मोरीचं पाणी जातं कुठं?

भांडी घासून झाली, मोरीत बादलीभर पाणी ओतलं, की आपलं काम संपलं! पुढं ते पाणी कुठं जातं, याची चौकशी कोण करतं? पण मैत्रिणींनो, मोरी आणि संडासातून रोज नत्र, स्फुरद, पालाश वाहून जातात. कुंडीतल्या गुलाबासाठी आपण पैसे मोजून आणतो, तेच हे खत! नदीत ते फार झालं, की जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

कोलकात्यानं मात्र या घाणीचं सोनं केलं आहे. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. तिथल्या उथळ तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. तळं सुकवून मासेमार त्यात बेताबेतानं सांडपाणी सोडतात आणि काही दिवस उन्हात तसंच ठेवतात. मैला कुजून खत मोकळं होतं, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळामुळं पाण्यात प्राणवायू येतो. उन्हानं रोगजंतूही घटतात. मग सोडायचे रोहू, कटला, मृगळ. तेच सांडपाणी पुढं भातखाचरांना मिळतं. धापा भागात त्यावर भाजीही पिकते. आपली घाण साफ होते आणि बाजारात मासळी येते, म्हणजे दुहेरी फायदा!

ही युक्ती मासेमारांचीच. १९८० नंतर ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं तिचा अभ्यास करून ती जगापुढं मांडली. १९९२ साली उच्च न्यायालयानं इथल्या बांधकामांना आळा घातला. २००२ मध्ये या जागेला रामसर यादीत स्थान मिळालं. तरीही भराव घालून इमारती उठवण्याचा मोह सुटत नाही. तळी बुजली, तर मासेमारांची चूल विझेल आणि शहराचं सांडपाणी तसंच नदीनाल्यांत जाईल.

आपल्या हाती काय आहे? सांडपाण्यातलं खत उपयोगी पडतं, पण विषारी रसायनं मिसळली की सगळंच मुसळ केरात! म्हणून—

० उरलेलं तळणीचं तेल, जुनी औषधं, रंग मोरीत ओतू नका.

० संडासात ॲसिड ओतायची सवय सोडा. घासणी आणि साधी पावडर पुरते.

० तांदूळ-डाळीचं धुवण कुंड्यांना घाला. साबणाचं पाणी नको.

० मैल्याचं पाणी मात्र घरच्या भाजीला कधीही घालू नका. कोलकात्याचं काम ऊन, तळं आणि जाणते हात मिळून करतात, बरं का!