चार दिवसांत गुंडाळलेला ‘पेड मॉड’चा बाजार

मॉड म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल: नवी शस्त्रं, नवे प्रदेश, नव्या कथा. ‘स्कायरिम’चे मॉड वर्षानुवर्षं फुकट मिळत होते. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्हने स्टीमवर ते विकायला परवानगी दिली आणि चाहते भडकले.

शंभर रुपयांच्या विक्रीत मॉड बनवणाऱ्याला फक्त २५ रुपये; बाकीचे व्हॉल्व्ह आणि गेमची कंपनी बेथेस्डाला. हे खुपलंच. पण त्याहून किचकट भांडण मालकीचं होतं, कारण अनेक मॉड दुसऱ्याच्या कामावर उभे असतात. मासेमारीचा एक विकाऊ मॉड दुसऱ्याच्या फुकट मॉडवर चालतो हे लक्षात आलं आणि तो मागे घ्यावा लागला.

विरोधी याचिकेवर लाखाहून अधिक सह्या झाल्या. २७ एप्रिलला योजना बंद, ग्राहकांचे पैसे परत. शिव्या मात्र कालपर्यंत फुकट राबणाऱ्या काही मॉडकारांनीही खाल्ल्या.