छावणी: भिंगारची आणि गुरांची

छावणी हा शब्द नगरजवळच्या भिंगारला नवा नाही. दख्खन जिंकायला निघालेल्या औरंगजेबाचा अखेरचा तळ इथेच पडला आणि मार्च १७०७मध्ये त्याने इथेच डोळे मिटले. ऑगस्ट १८०३मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, पुढे इंग्रजांचा कॅम्प वसला. स्वातंत्र्यानंतर रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं. पण भिंगारमधून पाथर्डीच्या रस्त्याला लागावं आणि करंजीचा घाट ओलांडावा, की याच शब्दाचा अर्थ पालटतो. तिकडे छावणी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ओळीने बांधलेली गुरं, उसाच्या मोळ्या आणि पाण्याचा टँकर.

२०१२-१३मध्ये हे चित्र होतं आणि २०१८-१९च्या दुष्काळात पुन्हा तेच. नगर जिल्हाभर शेकडो छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरामागे मिळणारं सरकारी अनुदान वाढत वाढत मे २०१९मध्ये दिवसाला १०० रुपयांवर गेलं. गुरांमागे माणसंही छावणीत राहायला आली. घरातला एक जण, बहुधा म्हातारा किंवा म्हातारी, जनावराशेजारी पाल ठोकून महिनोन्‌महिने तिथेच. वैरण म्हणून बहुतेक ऊसच मिळायचा. नुसत्या उसावर जनावर जगतं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि गाईचं दूध घटतं. म्हणून जाणते पशुपालक पाण्यातून चुन्याची निवळी पाजतात.

हीच वैरणीची टंचाई हजारो किलोमीटर दूर, कॅनडाच्या गवताळ मैदानांतही पडते. अल्बर्टा आणि सस्कॅचवानमध्ये २००२ साली चारा करपला, तेव्हा पूर्वेकडच्या ऑन्टॅरिओसारख्या प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी वाळल्या गवताचे गठ्ठे रेल्वेने आणि ट्रकने पश्चिमेला धाडले. ‘हे वेस्ट’ असं त्या मोहिमेचं नाव. दहा वर्षांनी पूर्वेला अवर्षण पडलं, तर पश्चिमेने गवत पाठवून परतफेड केली. तिकडे वैरण गुरांकडे गेली. आपल्याकडे गुरं वैरणीकडे जातात. २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेता आलं. मग उसाच्या पट्ट्यातलं वाढं आणि ज्वारीचा कडबा वेळेवर पाथर्डी-जामखेडला का पोचू नये? हा प्रश्न छावणी उघडण्याआधी विचारायला हवा.

अर्थात कॅनडाचाही सगळा हिशेब जुळलेला नाही. २०२१च्या भीषण दुष्काळात मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांनी चाऱ्याअभावी गाई विकल्या. २०२५च्या सुरुवातीला देशातली गुरांची संख्या तीन दशकांहून अधिक काळातल्या नीचांकावर होती. गुरं घटली, मांसाचे भाव चढले. पण कळप पुन्हा उभा करायचा तर कालवडी विकायच्या नाहीत, राखायच्या. त्यासाठी लागणारा चारा आणि भांडवल ज्याच्याकडे आहे त्यालाच ते जमतं. या पशुपालकांना २००३चा मे महिनाही विसरता येत नाही. अल्बर्टातल्या एका गाईत ‘मॅड काऊ’ रोग सापडला आणि अमेरिकेने तत्काळ सीमा बंद केली.

दूध उत्पादकाची गोष्ट वेगळी. कॅनडात १९६६मध्ये डेअरी आयोग आला आणि सत्तरच्या दशकात कोट्याची पद्धत रुजली. देशाला लागेल तेवढंच दूध काढायचं आणि भाव ठरवताना उत्पादनखर्च धरायचा, हे तिचं सूत्र. सुमारे नऊ हजार गोठे या छत्राखाली आहेत. छत्राची किंमतही मोठी आहे. कोटा मोजतात रोजच्या किलोभर फॅटवर, म्हणजे ढोबळमानाने एका गाईच्या दुधावर. ऑन्टॅरिओत त्या एका किलोच्या कोट्याला २४ हजार डॉलर पडतात. नव्या पोराने गोठा सुरू करायचा तर गाईआधी कागदच महाग. तरीही तिथल्या संसदेने जून २०२५मध्ये कायदा केला, की पुढच्या व्यापार करारांत ही व्यवस्था सौद्याला लावायची नाही.

नगरच्या गोठ्यातली काळी-पांढरी गायही कॅनडातल्यासारखीच होल्स्टिन फ्रिजियन वंशाची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निम्मी होल्स्टिन, पाव जर्सी आणि पाव गीर अशी ‘फुले त्रिवेणी’ घडवली. थंड मुलखाचं दूध आपल्या उन्हात टिकावं, यासाठीची ती मेहनत. गाय आली, मुरघास आला, मुक्तसंचार गोठे आले. भावाची हमी मात्र आली नाही.

जुलै २०२३मध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला ३४ रुपये लिटर हा दर जाहीर केला. हिवाळा येईपर्यंत भाव त्याच्या बराच खाली घसरला, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आंदोलन पेटलं आणि जानेवारी २०२४पासून लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याआधी १ जून २०१७ला याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध राज्याने पाहिलं होतं. प्रवरा खोऱ्यात लोणीला सहकारी साखर कारखाना उभा करणारा हा जिल्हा. इथे उसाला एफआरपीचा, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचा, कायदेशीर आधार आहे, आणि रोज पहाटे काढाव्या लागणाऱ्या दुधाला नाही. ऊस पाणी भरपूर पितो, त्याला हमी. दुष्काळात घर तगवणाऱ्या गाईला अनुदानाची वाट. ही तफावत अन्यायाचीच म्हणायला हवी.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, ऊस आणि केळीला नकार दिला, शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं. डोंगरावर गवत वाढलं, ते कापून गोठ्यात आणायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात रोज जेमतेम दीडशे लिटर दूध निघणाऱ्या या गावातून पुढे चार हजार लिटरपर्यंत दूध निघू लागलं. पाऊस तिथेही बेताचाच, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास.

करंजी घाटापलीकडचा शेतकरीही आता पावसाळ्यातच मका कापून कुट्टी करतो, दाबून हवाबंद पिशव्यांत भरतो. साधारण दीड महिन्यात तिला आंबूस वास सुटतो, रंग पिवळसर होतो आणि गाय ती चवीने खाते. गोठ्याच्या भिंतीला लागून रचलेल्या त्या पिशव्या तो फाल्गुनापर्यंत उघडत नाही.