वैरागच्या परसबागेत बियाण्यापासून तिखट मिरची

बार्शी तालुक्यातील वैराग पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येत असल्याने तेथे मिरचीचे बी केव्हा टाकावे, हा प्रश्न पाण्याइतकाच उन्हाशीही निगडित आहे. कारण तापमान ३५ अंशांच्या वर टिकून राहिले की मिरचीची फुले गळू लागतात आणि सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून मेअखेरीस विरळ सावलीत बी टाकून पावसाळ्याच्या आरंभी, रोपे पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर, ती वाफ्यात लावणे हिताचे ठरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले ज्योती' हा घोसाने फळणारा वाण घरच्या लागवडीस उत्तम आहे.

बी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. उबदार, ओलसर मातीत ते साधारण आठ-बारा दिवसांत उगवते, मात्र पाणी साचल्यास कोवळ्या रोपांचे देठ मातीलगत कुजून ती कोलमडतात, ज्याला 'मर' म्हणतात. पुढे फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू यांमुळे पाने आकसून वळतात. हाच शेतकऱ्यांना परिचित असलेला 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या'.

तिखटपणा देणारे कॅप्सायसिन हे द्रव्य प्रत्यक्ष बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढरट गराला चिकटलेल्या असतात त्यात तयार होते. कीटकांमार्फत परपरागीभवन, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जाणे, मिरचीत बऱ्यापैकी घडत असल्याने घरचे बी राखायचे असल्यास शेजारी दुसरा वाण लावू नये आणि निरोगी झाडावर पूर्ण लाल झालेलीच फळे सावलीत वाळवावीत.