काय गं, तू चेटकीण का?

"काय गं बाळ, तू चेटकीण का?"

परीक्षक बाईंनी माईक भाचीच्या तोंडापुढे धरला आणि मी तिसऱ्या रांगेत बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. डोक्यावर पांढराशुभ्र विग, अंगात काळा ड्रेस, खांद्यावर माझ्या जुन्या ओढणीची केप, हातात पुठ्ठ्याची चमचमती वीज... एवढं सगळं करून चेटकीण?

"नाही. मी स्टॉर्म," भाची ठणकावून म्हणाली.

"म्हणजे वादळ! अरे वा, निसर्गाचं रूप! छान, छान!"

टाळ्या. नेक्स्ट. पुढचा स्पर्धक होता स्पायडरमॅन. तो स्टेजवर येऊन नुसता उभा राहिला, तोंडातून अजून चकार शब्द काढला नव्हता, आणि अख्खा हॉल ओरडला, "स्पायडरमॅऽऽन!" पहिला नंबर कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नकोच. भाचीला उत्तेजनार्थ. तेही काय, तर 'पर्यावरणाचा संदेश' दिल्याबद्दल. आता बोला!

रिक्षात ती एकदाच बोलली. "माऊ, त्यांना स्टॉर्म माहितीच नाहीये?"

गंमत म्हणजे आयडियाची कल्पना माझी. ताई बिचारी सांगत होती, झाशीची राणी कर, गेल्या वर्षीची नऊवारी आहे, तलवारही आहे. मीच म्हटलं, छे, तिला आवडते ती स्टॉर्म होऊ दे. २०२४ साली आलेली एक्स-मेनची ॲनिमेटेड मालिका आम्ही दोघींनी एकत्र बघितली होती आणि तेव्हापासून ही बया पाऊस आला की गॅलरीत जाऊन हात वर करून उभी राहते. स्टॉर्म, म्हणजे ओरोरो मन्रो, आली १९७५ साली. आई केनियाची, वडील अमेरिकन, लहानपणीच अनाथ, कैरोच्या रस्त्यांवर पाकीटमारी करत वाढलेली. पुढे आफ्रिकेत लोक तिला देवी मानायला लागले, आणि मग ती एक्स-मेनमध्ये आली. १९८६ च्या एका अंकात तर तिच्या शक्ती गेलेल्या असताना तिने सायक्लॉप्सला द्वंद्वात हरवून टीमचं नेतृत्व मिळवलं. आणि हे सगळं आमच्या तिसरीतल्या बाईसाहेबांनी माईकवर वीस सेकंदांत सांगायचं!

फॅन्सी ड्रेसचा नियम साधा आहे, बॉस. तुम्ही कोण हे तुम्हालाच सांगावं लागलं, की खेळ खल्लास.

त्या रात्री चिडून मी ओळखीतल्या सगळ्यांना फोन करून छळायला घेतलं. अट एकच, समोरच्याने आयुष्यात सुपरहिरोचं कॉमिक वाचलेलं नसावं. (ही अट पाळणं अजिबात जड गेलं नाही.) प्रश्न पहिला, पाच पुरुष सुपरहिरो सांग. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन, आयर्नमॅन, हल्क... श्वासही न घेता. कुणी शक्तिमान सांगितला, कुणी क्रिश. ठीक. आता पाच बायका सांग.

शांतता.

"वंडर वुमन!" हे सगळ्यांनाच आलं. मग पुन्हा शांतता. "कॅटवुमन चालेल का? की ती चोर?" आणि मग ते हमखास येणारं वाक्य... "ती नाही का गं, ॲव्हेंजर्समधली, लाल केसांची... स्कारलेट जोहान्सन!"

मी वहीत 'ब्लॅक विडो' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बॅटमॅन आजवर किती जणांनी केला, पण नट बदलतो आणि बॅटमॅन बॅटमॅनच राहतो. बाईच्या बाबतीत उलटं. लक्षात राहते ती नटी, पात्राचं नाव तिच्यामागे कुठेतरी हरवून जातं. स्टॉर्मबद्दल विचारलं तेव्हाही एकाने बरोब्बर ओळखलं होतं... "अरे हां, हॅली बेरी!"

कोणाची तरी कोण

आता यात सगळा दोष न वाचणाऱ्यांचा आहे का? नाही हो. नावंच बघा ना. सुपरगर्ल १९५९ साली आली, ती सुपरमॅनची चुलत बहीण म्हणून. आजची प्रसिद्ध बॅटगर्ल, म्हणजे बार्बरा गॉर्डन, १९६७ ची. बॅटमॅनच्या टीव्ही मालिकेच्या निर्मात्यांना एक मुलगी हवी होती, म्हणून ती कॉमिकमध्ये अवतरली. शी-हल्कची कथा तर भन्नाट आहे. हल्कची टीव्ही मालिका तेव्हा जोरात चालली होती. उद्या मालिकावाले परस्पर एखादी बाई-हल्क काढतील आणि तिचे हक्कही त्यांचेच होतील, या धास्तीने मार्व्हलने १९८० साली घाईघाईने स्वतःचीच बाई-हल्क बाजारात आणली. म्हणजे रिकाम्या फ्लॅटला शेजाऱ्याने कुलूप ठोकायच्या आत आपलं ठोकून मोकळं व्हायचं, तसला प्रकार! (पुढे हीच शी-हल्क झक्कास वकील निघाली, थेट वाचकांशी गप्पा मारायला लागली, तो भाग वेगळा.)

माझी खरी लाडकी केस मात्र सू स्टॉर्मची. फँटॅस्टिक फोरमधली ही बाई १९६१ पासून आहे. नाव काय? इनव्हिजिबल गर्ल. सुपरपॉवर काय? दिसेनासं होणं! तिचं लग्न झालं, मूल झालं, तरी नावात आपली 'गर्ल'च. तिची 'वुमन' व्हायला १९८५ साल उजाडलं. चोवीस वर्षं! आपल्याकडे एवढ्या वर्षांत माणसाला दोन-चार प्रमोशन्स तरी मिळतात.

मग अशा नावांच्या बायका, ज्याने कॉमिक उघडलेलंच नाही, त्याच्या डोक्यात स्वतंत्रपणे राहणार कशा? त्या आठवायच्या तर आधी दुसरं कोणीतरी आठवावं लागतं.

दोन डायना

एका संध्याकाळी बाबांना विचारलं, "बाबा, डायना कोण?"

"वेताळाची!" पेपरमधून डोकंही वर न काढता उत्तर आलं.

मला वंडर वुमनची डायना हवी होती. पण बाबांची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर पोसलेली. १९६४ ते १९९० ही कॉमिक्स मुंबईतून निघायची, मराठीतसुद्धा. आणि त्यातल्या वेताळाची डायना पामर नुसती वाट बघत बसणारी नव्हती, चांगली युनोत नोकरी करायची. हे सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ना, त्यावरून मी पुढचे प्रश्न आईसमोर विचारले नाहीत.

आता दुसरी डायना. वंडर वुमन जन्मली १९४१ साली, विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या डोक्यातून. माणूस खोटं बोलला की त्याचा रक्तदाब कसा बदलतो यावर या गृहस्थाने संशोधन केलं होतं, लाय डिटेक्टरच्या पूर्वजांमध्ये त्याचं काम धरलं जातं. म्हणून तर हिच्याकडे तलवार-बंदुकीऐवजी दोर आला, ज्यात अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. पुरुषच नसलेल्या बेटावरची ही राजकन्या, आईने मातीतून घडवलेली. कुणाची बहीण नाही, बायको नाही, कुणाच्या नावाची शेपूट नाही. माझ्या मते ती सगळ्यांना माहीत असण्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं अर्थातच पडदा. १९७५ ते १९७९ लिंडा कार्टरची मालिका, आणि २०१७ चा गॅल गॅडोटचा सिनेमा.

पण 'माहीत' म्हणजे काय माहीत? माझी एक मैत्रीण रोज वंडर वुमनच्या मगातून कॉफी पिते. तिला विचारलं, ही करते काय गं? ती म्हणाली, "सुपरमॅनची गर्लफ्रेंड ना?" (२०१२ नंतर काही काळ कॉमिक्समध्ये खरंच ते दोघं एकत्र होते, पण हिचा तो आपला नेम लागून गेला.) मुकुट, लाल-निळा ड्रेस, मनगटावरची कडी, सगळं तिला पाठ. दोराचं मात्र काहीच नाही.

मग मी तिला १९४२ ची गोष्ट सांगितली. वंडर वुमनला त्या काळातल्या मोठमोठ्या सुपरहिरोंच्या टीममध्ये, जस्टिस सोसायटीत, घेतलं गेलं. पोस्ट कुठली? सेक्रेटरी. पुरुष मंडळी मोहिमेवर जाणार आणि जगातली सगळ्यात ताकदवान बाई मागे राहून मीटिंगची मिनिट्स लिहिणार! (ते अंक मार्स्टनचे नव्हते, दुसऱ्या लेखकाचे.) मैत्रिणीने मग खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्या टीमच्या मिनिट्स कोण लिहितं सांगू?"

नको. कळलं.

आणि याच वंडर वुमनला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये युनोने मुली आणि स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद राजदूत नेमलं. समारंभातच काही कर्मचारी पाठ फिरवून उभे राहिले. हजारो सह्यांचा अर्ज निघाला. आक्षेप होता तिच्या तोकड्या कपड्यांवर, अशक्य फिगरवर. शिवाय, खऱ्याखुऱ्या बायका काय संपल्या होत्या का? त्याच महिन्यात सरचिटणीसपदासाठी अनेक बायकांची नावं असूनही निवड पुन्हा एका पुरुषाचीच झाली होती, त्यामुळे राग दुप्पट. डिसेंबरात राजदूतपद गुंडाळलं. वेताळाच्या डायनाने युनोत वर्षानुवर्षं नोकरी केली, ही दोन महिनेसुद्धा टिकली नाही!

खरं सांगू? मला त्या कर्मचाऱ्यांचा दुसरा मुद्दा शंभर टक्के पटतो. पहिला वाचला तेव्हा मात्र जरा टोचलं. पंचाहत्तर वर्षांच्या गोष्टींतून शेवटी लोकांपर्यंत काय पोचलं, तर कपडे.

ओरॅकल म्हणजे डेटाबेस ना?

माझा सगळ्यात मोठा पोपट हिंजवडीत झाला. तिथल्या एका मित्राला मोठ्या आशेने विचारलं, "ओरॅकल माहितीये?"

"म्हणजे काय! चार वर्षं त्याच्यावरच काम करतोय. डेटाबेस ना?"

नाही रे बाबा. ओरॅकल म्हणजे आपली बार्बरा गॉर्डन, मघाची बॅटगर्ल. १९८८ च्या एका गाजलेल्या कॉमिकमध्ये जोकर तिला गोळी घालतो आणि ती कायमची व्हीलचेअरवर जाते. का? तर तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला धक्का बसावा म्हणून. तिची स्वतःची गोष्ट अशी काही नाहीच त्यात. हा प्रकार इतका सर्रास व्हायचा, की १९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या एका वाचक बाईने अशा मारलेल्या, जखमी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या बायकांची यादीच जाहीर केली. ही यादी पुढे कॉमिक्सच्या जगात भलतीच गाजली. आणि त्याच सिमोनबाई नंतर स्वतः वंडर वुमन लिहायला लागल्या!

पण बार्बराचं काय झालं ते ऐका. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याला ती अशी वाऱ्यावर सोडलेली बघवली नाही. १९८९ पासून त्यांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणलं. व्हीलचेअर तीच, समोर कॉम्प्युटर. शहरातल्या, मग जगातल्या सुपरहिरोंना माहिती हवी असली की सगळे तिलाच विचारणार, बॅटमॅनसुद्धा. केप नाही, उड्या नाहीत, नुसतं डोकं. २०११ साली कंपनीने तिला पुन्हा पायांवर उभं करून बॅटगर्ल केलं, तेव्हा कित्येक वाचक हळहळले. मीही.

मित्राने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्यावर पिक्चर का नाही काढला?"

चांगला प्रश्न आहे. २००४ साली कॅटवुमन आपटला, २००५ साली इलेक्ट्रा, आणि बायकांचे सुपरहिरोपट चालत नाहीत असं ठरून गेलं. २०११ साली ग्रीन लँटर्न असाच धाडकन आपटला. त्यावरून कुणी 'पुरुषांचे सिनेमे बंद' म्हणालं का? ब्लॅक विडो पडद्यावर २०१० ला आली, तिचा स्वतःचा सिनेमा यायला २०२१ उजाडलं. २०१५ च्या ॲव्हेंजर्समध्ये ती विमानातून मोटरसायकलसकट खाली झेपावते, आठवतंय? त्या सीनचं खेळणं निघालं, त्यात बाईकवर बसवला होता कॅप्टन अमेरिका! मधल्या काळात, २०१९ साली, कॅप्टन मार्व्हलने शंभर कोटी डॉलर्सच्या वर धंदा केला. २०२३ मध्ये तिचाच पुढचा सिनेमा पडला आणि जुनी टेप पुन्हा सुरू.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. राज कॉमिक्सची चंडिका कोण, तर सुपर कमांडो ध्रुवची बहीण. (बघा, पुन्हा कोणाची तरी कोण!) टिंकलने २०१५ मध्ये विंगस्टार आणली, मिझोरमची शाळकरी पोरगी, पंख लावून उडणारी. मी भाचीला तो अंक दाखवला. तिने पूर्ण वाचला आणि मग थंडपणे विचारलं, "ही तरी बाईंना माहितीये का?"

ताईचं म्हणणं, पुढच्या वर्षी झाशीची राणी, विषय संपला. मी गप्प बसले. माझ्या हौसेपायी स्टेजवर उभी राहिलेली पोर होती ना ती.

शनिवारी विग परत करायला आम्ही दोघी पेठेतल्या ड्रेपरीच्या दुकानात गेलो. काकांनी जाडजूड रजिस्टर काढलं, चष्मा वर केला आणि वाचलं, "म्हातारी, एक नग. डिपॉझिट दोनशे."

"म्हातारी नाही," भाची काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाली. "स्टॉर्म."

"ती कोण?"

आणि भाचीने सुरुवात केली. केनिया, कैरो, पाकीटमारी, पाऊस, वीज, सायक्लॉप्स. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, गॅदरिंगचा सीझन. काकांनी मधेच एकदा विचारलं, "पाकीट मारायची? मग पकडली नाही का कधी?" याचं उत्तर पाच मिनिटं चाललं. शेवटी काकांनी माझे दोनशे परत केले, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि 'म्हातारी'वर एक आडवी रेघ मारली.

"स्टॉर्म कसं लिहायचं? अर्धा स ना?"